वॉटरलू, टोरांटो की यूबीसी? आधी कोऑपचं कॅलेंडर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोरांटोशेजारच्या मिसिसागात राहणाऱ्या एका ताईंची मुलगी बारावीत आहे. तिच्या हातात तीन ऑफर आहेत: वॉटरलूचं कॉम्प्युटर सायन्स कोऑप (म्हणजे अभ्यासाच्या मध्ये मध्ये पगारी कामाच्या टर्म असलेली पदवी), टोरांटो विद्यापीठाच्या सेंट जॉर्ज कॅम्पसचं कॉम्प्युटर सायन्स आणि व्हँकुव्हरच्या यूबीसीचं, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं, सायन्स. वडिलांना टोरांटो हवं आहे, कारण नाव मोठं आणि घरून येऊन-जाऊन करता येईल. मुलीला वॉटरलू हवं आहे, कारण ‘तिथल्या मुलांना जॉब मिळतात’. जाता जाता ताईंनी असंही विचारलंय की पुण्यातला भाचा पुढच्या वर्षी इकडे यायचं म्हणतोय, त्यालाही हेच लागू होईल का.

ताई, आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी स्वतः कोऑप केलेला नाही. भारतात शिकून इथे आलो आणि गेली चौदा वर्षं ओंटारिओत सॉफ्टवेअर टीममध्ये दर टर्मला दोन-तीन कोऑपची मुलं घेतो. म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूस. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात काय छापलंय यापेक्षा समोर बसलेलं पोरगं काय करून आलंय, एवढंच मला दिसतं.

आपल्या लोकांच्या डोक्यात कोऑप म्हटलं की कॅम्पस प्लेसमेंट येतं. शेवटच्या वर्षी कंपन्या येणार, कॉलेज रांगेत उभं करणार, एकदाचं पत्र हातात पडणार. कोऑपचं तसं नसतं. विद्यापीठ नोकरी देत नाही. ते नोकऱ्यांचा फळा, इंटरव्ह्यूची व्यवस्था आणि एक वेळापत्रक देतं. नोकरी मुलीनेच मिळवायची, आणि एकदा नाही, पाच-सहा वेळा. ही कल्पना अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी सुरू केली. वॉटरलू तर १९५७ मध्ये स्थापन झालं तेच कोऑपच्या इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांना घेऊन. त्यामुळे तिथे कोऑप हा नंतर जोडलेला विभाग नाही. वर्षाचं सगळं कॅलेंडरच त्याच्याभोवती बेतलेलं आहे, आणि तीन विद्यापीठांमधला खरा फरक या कॅलेंडरातच आहे. जागतिक क्रमवारीत कोण कितवं, याने तुमच्या मुलीच्या पहिल्या नोकरीला काडीचा फरक पडणार नाही.

तेव्हा तिन्ही ऑफर समोर ठेवून दोनच प्रश्न विचारा. कोऑप आत्ताच ऑफरमध्ये आहे, की पुढे वेगळा अर्ज करून मिळवायचा आहे? आणि पहिली वर्क टर्म कधी येते?

वॉटरलूच्या ऑफरमध्ये कोऑप लिहिलेलंच आहे. चार महिने अभ्यास, चार महिने काम, असं आलटून पालटून चालतं आणि पदवीला साडेचार-पाच वर्षं लागतात. ज्या क्रमात ती बसेल त्यानुसार पहिली वर्क टर्म पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातच येऊ शकते किंवा दुसऱ्या वर्षात. सेंट जॉर्जला कोऑप म्हणजे मुख्यतः एकच मोठा सलग काळ. इंजिनिअरिंगची मुलं बहुतेक तिसऱ्या वर्षानंतर १२ ते १६ महिने जातात. कॉम्प्युटर सायन्स तिथे आर्ट्स अँड सायन्स शाखेत येतं, आणि त्या शाखेचा इंटर्नशिप कार्यक्रम वेगळा आहे, त्याला आत गेल्यावर अर्ज करावा लागतो. टोरांटोचंच स्कारबरो कॅम्पस मात्र शाळेतूनच थेट कोऑपमध्ये प्रवेश देतं. नाव तेच, पद्धत निराळी. हे अनेक पालकांना उशिरा कळतं.

यूबीसीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तिथे आपली माणसं हमखास फसतात. सायन्सची ऑफर म्हणजे कॉम्प्युटर सायन्सची ऑफर नव्हे. पहिलं वर्ष सर्वसाधारण विज्ञानाचं असतं, मग पहिल्या वर्षाच्या गुणांवर विषय मिळतो, आणि कॉम्प्युटर सायन्ससाठी तिथे मोठी चढाओढ असते. त्यानंतर कोऑपसाठी आणखी एक अर्ज. म्हणजे मुलगी आत्ता एक दार ओलांडून आलीय, पुढे दोन दारं अजून बंद आहेत. पहिल्या वर्षी घर सोडून चार हजार किलोमीटरवर राहायचं, स्वयंपाक शिकायचा, आणि रसायनशास्त्रात गुण पडले नाहीत तर आवडीचा विषयच हुकायचा. विद्यापीठ उत्तम आहे, शिकवतात उत्तम, याबद्दल शंका नाही. पण हातात वॉटरलू आणि टोरांटोच्या थेट कॉम्प्युटर सायन्सच्या ऑफर असताना हा जुगार मी खेळणार नाही. आता उरले दोन.

वॉटरलूचा नोकरीचा फळा वॉटरलूवर्क्स नावाचा आहे. सप्टेंबरमध्ये अभ्यासाची टर्म सुरू झाली रे झाली की जानेवारीच्या कामासाठी अर्ज सुरू. ऑक्टोबरमध्ये एकीकडे मिडटर्म परीक्षा, दुसरीकडे इंटरव्ह्यू. इंटरव्ह्यू संपले की आम्ही कंपनीवाले मुलांना क्रमांक देतो. १ म्हणजे ऑफर, त्याखालचे नुसतेच क्रमवारीत. मुलंही नोकऱ्यांना क्रमांक देतात. मग दोन्हीकडच्या आकड्यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तिथे जोडी जुळते. आपल्या पत्रिका जुळवण्याची आठवण यावी असा प्रकार, फक्त गुरुजींऐवजी संगणक. पहिल्या काही वर्षांत मी फार हुशारी करायचो. एका मुलीला खरं म्हणजे पहिला क्रमांक द्यायचा होता, पण ‘ही आपल्याकडे येणार नाही’ असं मनाशी ठरवून तिला तिसरा दिला. तिने आम्हाला पहिला दिला होता. पण बेरीज दुसरीकडे कमी झाली आणि ती गेली. तेव्हापासून मी मुलांनाही हेच सांगतो: अंदाज बांधत बसू नका, जे हवंय त्याला पहिला क्रमांक द्या.

हे सगळं सांगायचं कारण, वॉटरलूत नकार पचवायचे असतात, आणि ते सार्वजनिक असतात. वसतिगृहात शेजारच्या खोलीतल्या मुलीला पहिल्याच फेरीत मिळालं, तुमच्या मुलीचे चाळीस अर्ज गेले आणि दोनच इंटरव्ह्यू आले, असं पहिल्या वेळी अगदी सर्रास होतं. पहिली वर्क टर्म सगळ्यांनाच जड जाते. २०२२ नंतर कंपन्यांनी हात आखडते घेतले आणि नवशिक्या मुलांसाठीच्या जागा सर्वांत आधी कमी झाल्या. एकदा रेझ्युमेवर एक काम आलं की दुसरं सोपं जातं, तिसऱ्या वेळी निवड मुलीच्या हातात येते. तेव्हा ‘तिथल्यांना जॉब मिळतात’ हे मुलीचं कारण मला पटत नाही. तिथल्यांना जॉब शोधायची सवय लागते, एवढंच खरं.

टोरांटोच्या बाजूने एक गोष्ट कंपनीवाला म्हणून प्रामाणिकपणे सांगायला हवी. चार महिन्यांत काम फार होत नाही. टर्म सोळा-सतरा आठवड्यांची. पहिले दोन आठवडे लॅपटॉप, पासवर्ड, कोण कुठे बसतं यात जातात. माझ्याकडे एका मुलाला तर दहा दिवस लॅपटॉपच मिळाला नव्हता, तो बिचारा छापील कागद वाचत बसला होता, चूक सर्वस्वी आमची. शेवटचा आठवडा सादरीकरण आणि निरोप. मध्ये उरतात तेरा आठवडे. तेवढ्यात मुलगी दुसऱ्याने आखलेलं एक छोटं काम पूर्ण करते. बारा-सोळा महिने बसलेली मुलं मात्र स्वतः काही उभं करतात, ते चालू ठेवतात, रात्री बंद पडलं तर सकाळी उत्तर देतात. अशा मुलांना शेवटी तिथेच कायमची नोकरी देऊ करणं कंपनीलाही सोपं जातं. सलग एका जागी राहण्यात खोली आहे.

मग मी तरी वॉटरलूच्या बाजूने का? कारण अठरा वर्षांच्या मुलीला आपल्याला काय आवडतं हे माहीत नसतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने पहिली टर्म बँकेत सॉफ्टवेअर तपासण्यात घालवली, दुसरी वेबसाइटवर, तिसरी आमच्याकडे डेटाबेसवर. तिला डेटाबेस आवडले हे तिला तिसऱ्या टर्मला कळलं. आधीच्या दोन टर्म वाया गेल्या असं मी म्हणणार नाही, त्या स्वस्तात चुकल्या. टोरांटोच्या सोळा महिन्यांत चुकीची जागा निघाली तर ती चूक महाग पडते, कारण दुसरी संधी तोंडावर पदवी आल्यावरच.

आता अभ्यासाबद्दल. सगळे कोऑपवर बोलतात, पण अभ्यासाचा आणि नोकरीचा सांधा कुठे निखळतो ते सांगत नाहीत. वॉटरलूत पहिल्या सत्रातलं प्रोग्रॅमिंग रॅकेट या भाषेत शिकवतात. यूबीसीच्या पहिल्या अभ्यासक्रमातही तीच भाषा राहिली आहे. पाया म्हणून ती उत्तम आहे, विचार नीट मांडायला शिकवते, पण रॅकेट येणारं पोरगं हवंय अशी जाहिरात मी चौदा वर्षांत पाहिलेली नाही. नोकऱ्यांत पायथन, जावास्क्रिप्ट, जावा, सीप्लसप्लस मागतात. वॉटरलूत दुसऱ्या सत्रात सी येते आणि पुढे सीप्लसप्लस, पण तोवर पहिले अर्ज करायची वेळ झालेली असते. टोरांटोत सुरुवात पायथनने होते, त्यामुळे तिथल्या मुलांना सुरुवातीला थोडं सोपं जातं. तुमच्या मुलीने या उन्हाळ्यात पायथनमध्ये स्वतःसाठी उपयोगी पडेल असं काहीतरी छोटं बनवावं. घरच्या किराण्याचा हिशेब चालेल, आजीच्या औषधांच्या वेळा चालतील. रेझ्युमेवर ‘टू-डू लिस्ट ॲप’ मी आजवर शेकडो पाहिले असतील, ते वाचणंही मी सोडून दिलंय.

वॉटरलूचं कॉम्प्युटर सायन्स गणित विद्याशाखेत आहे, हे नुसतं प्रशासकीय नाही. बीजगणित आणि कॅल्क्युलस सिद्धतांसकट करावं लागतं. शाळेत गणितात ९५ पडणारी मुलं पहिल्या मिडटर्मला ६० बघून रडतात. टोरांटोही यात मागे नाही. स्टीफन कुक यांनी एनपी-पूर्णतेची, म्हणजे संगणकाला कुठले प्रश्न मुळातच अवघड याबद्दलची, कल्पना १९७१ मध्ये मांडली ती टोरांटोत असताना, आणि जेफ्री हिंटन यांच्या तिथल्या गटातूनच २०१२ मध्ये चित्रं ओळखणारं ते प्रसिद्ध न्यूरल नेटवर्क आलं. हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलीला मशीन लर्निंगमध्ये संशोधन, पुढे पीएचडी, असं काही मनापासून वाटत असेल तर टोरांटोचं पारडं खरोखर जड होतं. उन्हाळे प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत घालवायला तिथे जागा आहे, शेजारी २०१७ मध्ये सुरू झालेली, कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करणारी व्हेक्टर इन्स्टिट्यूट आहे. पण मुलीच्या तोंडून ‘संशोधन’ हा शब्द आलाय का, की तो बाबांच्या तोंडून आलाय, हे एकदा नीट विचारा.

घरून येण्या-जाण्याबद्दल वडिलांचं म्हणणं चुकीचं नाही. पैसे वाचतात. पण मिसिसागाहून सेंट जॉर्जला रोज दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन अडीच-तीन तास मोडतात, आणि कॉम्प्युटर सायन्सचे असाइनमेंट रात्री दहा वाजता लॅबमध्ये सुटतात, ट्रेनमध्ये नाही. वॉटरलूचा खर्च वेगळ्या प्रकारचा आहे. दर चार महिन्यांनी सामान बांधायचं. अभ्यासाला वॉटरलू, कामाला टोरांटो किंवा ओटावा किंवा व्हँकुव्हर, पुन्हा वॉटरलू. तिथे घरभाड्याचे करार बारा महिन्यांचे असतात, मग चार महिने खोली दुसऱ्याला द्यायची, तो भाडं देईल ना याची काळजी करायची. मैत्रिणींचं चक्र उलटं असेल तर त्या कामावर असताना ही वर्गात, ही कामावर असताना त्या वर्गात. उन्हाळ्यातही अभ्यासाची टर्म येते, त्यामुळे सगळ्या कुटुंबाने भारतात जायचा बेत ठरवला की ही नसतेच. कोऑपचं वेगळं शुल्क असतं, आणि एखाद्या टर्मला नोकरी नाही मिळाली म्हणून ते माफ होत नाही.

तुमच्या मुलीकडे कॅनडाचं नागरिकत्व आहे, याचा फायदा बहुतेकांना माहीत नसतो. विद्यार्थ्याला कामावर घेतल्याबद्दल केंद्र सरकार कंपनीला पगाराचा काही भाग परत देतं. मी ज्या अटींवर मुलं घेतली त्यात साधारण निम्मा पगार, ५,००० डॉलरपर्यंत. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, तंत्रज्ञान-विज्ञानातल्या मुली, अशा काहींसाठी ७० टक्के, ७,००० डॉलरपर्यंत. निधी मर्यादित असतो, पण छोट्या कंपनीला पहिल्या वर्षाची मुलगी घ्यायला हे कारण पुरतं. नागरिक, कायमचे रहिवासी आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेले यांनाच हे लागू आहे, स्टडी परमिटवरच्या विद्यार्थ्यांना नाही. आणि इथून मी भाच्याकडे येतो.

भाच्याला हेच लागू नाही, ताई. त्याच्यासाठी हिशेबच वेगळा. छोट्या कंपन्या सवलतीमुळे आधी नागरिक बघतात, सरकारी खात्यांतल्या बऱ्याच जागांवरही नागरिक आणि कायमच्या रहिवाशांना प्राधान्य असतं. अमेरिकेतल्या मोठ्या पगाराच्या कोऑप जागांसाठी जे-१ या इंटर्नशिपच्या अमेरिकी परवान्याची कागदपत्रं लागतात. कॅनडाचा नागरिक ती घेऊन सीमेवर जातो, भारतीय पासपोर्टवाल्याला वाणिज्य दूतावासात मुलाखत आणि शिक्का, आणि टर्म सुरू व्हायच्या आत तारीख मिळणं. पैशांचं तर पाटीवर मांडूनच बघा. वॉटरलू आणि टोरांटोत कॉम्प्युटर सायन्सची आंतरराष्ट्रीय फी वर्षाला ६० हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे आहे, म्हणजे चार अभ्यासवर्षांचे २ लाख ४० हजारांहून जास्त, राहणं-खाणं वेगळं. आता कमाई. सोळा आठवडे, आठवड्याला ३७.५ तास, म्हणजे ६०० तास. ताशी २५ डॉलर धरले तर टर्मचे १५ हजार. सहाच्या सहा टर्म मिळाल्या तरी ९० हजार, त्यातून कर आणि दुसऱ्या शहराचं भाडं जाणार. पुढच्या टर्मना दर वाढतो हे खरं, पण कोऑपने फी निघते असं कुणी सांगत असेल तर त्याला हा कागद दाखवा.

एजंट त्याला एखाद्या खासगी कॉलेजचा ‘कोऑपसह’ अभ्यासक्रमही सुचवेल. त्यात बरेच ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या जातीचे असतात: कोऑप म्हणजे शेवटचे चार महिने, जागा स्वतः शोधा, नाही मिळाली तर एक प्रोजेक्ट लिहा. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी कॉलेजात चालवणाऱ्या कार्यक्रमांना २०२४ पासून शिक्षणानंतरचा वर्क परमिट मिळणंही बंद झालंय. विद्यापीठाच्या चार वर्षांच्या पदवीनंतर तो तीन वर्षांपर्यंत मिळतो. स्टडी परमिटसाठी आता प्रांताचं पत्र लागतं, बँकेत दाखवायची रक्कम २०२४ आणि २०२५ मध्ये दोनदा वाढली, आणि कोऑपच्या परवान्याचे नियमही बदलत राहतात. भाच्याने हे इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावं, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नाही. घरची ऐपत भक्कम असेल तर यावं. कर्ज काढून यायचं असेल तर भारतात चांगल्या ठिकाणी पदवी करून मास्टर्सला यावं, असं मी माझ्या सख्ख्या पुतण्याला सांगितलं होतं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण मत बदललेलं नाही.

तर तुमच्या मुलीसाठी मी वॉटरलू निवडेन. ‘जॉब मिळतात’ म्हणून नव्हे. कोऑप तिच्या ऑफरमध्ये आत्ताच आहे, पुढे कुठलं दार ओलांडायचं नाही, पहिली संधी लवकर येते आणि ती फसली तर सावरायला आणखी चार-पाच आहेत, म्हणून. माझं मत एकाच गोष्टीने बदलेल: नकार आला की मुलगी आठवडाभर मिटून बसते, असा तुमचा अनुभव असेल तर. आईला हे माहीत असतं. तसं असेल तर घराजवळचं टोरांटो, पहिली दोन वर्षं शांत अभ्यास, आणि मग एकच मोठी इंटर्नशिप, हे तिच्यासाठी खरोखर जास्त चांगलं. बाबांना मग वेगळं पटवावं लागणार नाही.

ऑफर स्वीकारायला जूनच्या सुरुवातीपर्यंत वेळ आहे. त्याआधी वॉटरलूत दुसऱ्या वर्षाला असलेली एखादी मुलगी गाठा. जिला पहिल्या वर्क टर्मला काही मिळालं नव्हतं अशीच शोधा, मिसिसागाच्या मराठी घरांत एक तरी निघेल. तुमच्या मुलीला तिच्याशी एकटीला बोलू द्या, तुम्ही दोघं स्वयंपाकघरात थांबा. आणि तिला हे विचारायला सांगा की ते चार महिने तू कसे काढलेस.